दुखणं कुठल्या बोलीत सांगायचं? खान्देशात पॅलिएटिव्ह केअरचं पथक उभं करताना

एका सरकारी दवाखान्यात मी स्टाफ नर्स होते तेव्हाची गोष्ट. सातपुड्यातल्या धडगावकडचे, पावरा या आदिवासी समाजातले एक बाबा वॉर्डात दाखल होते. तोंडाचा कॅन्सर, जखम गालातून बाहेर आलेली. आता ऑपरेशन होणार नाही, हे डॉक्टरांना त्यांना सांगायचं होतं. बाबांना मराठी येत नव्हती, डॉक्टरांना पावरी येत नव्हती. मग फरशी पुसणाऱ्या ताईला हाक गेली. तिने फडकं बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आणि एका माणसाला त्याचं मरण त्याच्या बोलीत सांगितलं. बाबा बराच वेळ तिच्याशी बोलत राहिले, ती हुंकार देत राहिली. डॉक्टरांनी विचारलं, "काय म्हणतात?" ती म्हणाली, "घरी जायचं म्हणतात." आणि तिने फडकं उचललं.

त्यानंतर तिला आणखी तीनदा असंच बोलावलं. चौथ्यांदा ती आली नाही. "हल्ली काम टाळते" अशी तिची तक्रार झाली, आणि त्या कागदावर माझीही सही आहे. ती सही मला आजही बोचते.

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे बरा न होणाऱ्या आजारात दुखणं आणि त्रास कमी करणारी देखभाल. तिच्यात समानतेवर बोलायचं ठरलं की आपण रुग्णांबद्दल बोलतो, आणि कर्मचाऱ्यांच्या थकव्यावर बोलायचं ठरलं की योगासनांबद्दल. माझा अनुभव असा की हे दोन प्रश्न एकाच गाठीचे आहेत. ज्या रुग्णापर्यंत व्यवस्था नीट पोचत नाही, त्याचं ओझं शेवटी पथकातल्या सगळ्यात खालच्या पगाराच्या माणसावर येऊन पडतं. म्हणून जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये घरोघरी जाणारं छोटं पथक उभं करू पाहणारे डॉक्टर, नर्स, समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताई यांच्यासाठी मी दोन्ही गोष्टी एकत्रच लिहिते आहे.

पॅलिएटिव्ह केअर फक्त कॅन्सरची नसते. लकव्याने अंथरुणाला खिळलेले, मूत्रपिंड किंवा फुप्फुस निकामी झालेले, सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या कळांनी तळमळणारी नंदुरबारची पोरं, सगळे यात येतात. लंडनमध्ये १९६७ साली पहिलं आधुनिक हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या रुग्णांची देखभाल करणारी संस्था, उभारणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी 'संपूर्ण वेदना' असा शब्द वापरला होता. शरीराचं दुखणं, मनाचं, घरादाराचं आणि श्रद्धेचं दुखणं एकाच माणसात एकदम असतं, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे त्यात कर्जाचं दुखणंही धरा.

आधी न आलेल्यांची यादी करा

पहिलं काम वहीचं. मागच्या सहा महिन्यांत आपल्याकडे आलेल्या रुग्णांची गावं लिहून काढा आणि तालुक्याच्या नकाशावर टिंबं द्या. बहुतेक ठिकाणी टिंबं डांबरी रस्त्याच्या कडेने पडतात. यावल, रावेर, चोपड्यात केळीच्या पट्ट्यात दाट, आणि वर सातपुड्यातल्या पाड्यांवर रिकामं. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला, तिथली जवळपास ७० टक्के वस्ती आदिवासी आहे. तरी अक्कलकुवा आणि अक्राणीच्या (म्हणजे धडगावच्या) डोंगरातून येणारा माणूस अजूनही झोळीतून रस्त्यापर्यंत येतो. तो एकदाच येतो. दुसऱ्यांदा येण्याइतकी माणसं त्याला खांद्याला मिळत नाहीत.

नकाशावर टिंब नाही याचा अर्थ तिथे रुग्ण नाही असा कधीच धरू नका. त्या गावच्या आशाताईला एवढंच विचारा: "अंगणात न दिसणारं माणूस कोणत्या घरात आहे?" 'पॅलिएटिव्ह रुग्ण आहे का' असं विचारलंत तर ती नाही म्हणेल. या प्रश्नाला ती चार घरं सांगेल.

यादीत बाया किती, हेही मोजा. गर्भाशयाच्या तोंडाचा किंवा स्तनाचा कॅन्सर असलेली बाई घाण वासामुळे मागच्या पडवीत, कधी गोठ्याच्या कडेला झोपवलेली मी पाहिली आहे. घरचे वाईट नसतात, त्यांना वासाचं काय करायचं ते ठाऊक नसतं. जखम मिठाच्या पाण्याने धुऊन मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची बारीक पूड तिच्यावर टाकायची पद्धत जुनी आणि स्वस्त आहे. काही दिवसांत वास कमी होतो आणि बाई घरात परत येते. माझ्या लेखी समानतेचं काम ते हेच. त्या बाईशी एकदा तरी एकटीने बोला. नवरा किंवा मुलगा समोर असेल तर ती "बरं आहे" एवढंच म्हणते.

दुखण्याचे शब्द गोळा करा

यावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण औषध चुकतं ते बहुतेक इथे.

शून्य ते दहा अशी वेदनेची पट्टी पुस्तकात असते. शाळा न पाहिलेल्या आजीला "दहापैकी किती?" विचारलं की ती तुमच्या तोंडाकडे बघते आणि तुम्हाला बरं वाटेल तो आकडा सांगते. त्याऐवजी तिच्या पुढ्यात मक्याचे किंवा दादर ज्वारीचे दहा दाणे ठेवा. "जितलं दुखस तितला दाना उचला." शेतकरी आजोबांना पिकाची आणेवारी कळते, "सोळा आण्यात किती आणे दुखतं?" असं विचारलं की ते विचार करून "बारा आणे" म्हणतात, आणि दुसऱ्या आठवड्यात "सहा आण्यावर आलं" हेही तेच सांगतात.

किती दुखतं याच्याइतकंच कसं दुखतं हेही महत्त्वाचं. ठणकणं, ठसठसणं, आग होणं, चटके बसणं, मुंग्या येणं, चमक निघणं, कळ येणं हे सगळे शब्द वेगवेगळ्या दुखण्याचे आहेत. आग, चटके, मुंग्या म्हणजे बहुधा नस दुखते आहे. तिथे मॉर्फिन, म्हणजे तीव्र दुखण्यावरचं अफूपासूनचं औषध, एकटं पुरत नाही, नसेच्या दुखण्याची वेगळी औषधं जोडावी लागतात. येऊन-जाऊन पिळवटणारी कळ आतड्याची असू शकते. हाडाचा ठणका हललं की वाढतो. पथकाने अहिराणी, पावरी, भिली, मावची, तडवी, बंजारा, उर्दू अशा आपापल्या भागातल्या बोलींचे हे शब्द एका वहीत उतरवावेत. शब्दकोशातून नको, रुग्णांच्या तोंडून आलेले. अहिराणीत "कथा दुखस? कितलं दुखस?" एवढं विचारलं तरी माणूस सैल होतो. "माय, काय व्हस तुले?" म्हटलं की ती रडते तरी नाही तर बोलते तरी, आणि दोन्ही चालतं.

जी बोली येत नाही तिची नक्कल मात्र करू नका. दोन शब्द चुकीचे बोलून हसू करून घेण्यापेक्षा नीट दुभाषी आणा.

दुभाषी म्हणजे पथकातलं माणूस

त्या ताईच्या बाबतीत आम्ही केलेल्या चुका उलट करून सांगते.

दुभाष्याला बोलावण्याआधी पाच मिनिटं वेगळं बसवा आणि आज काय सांगायचं आहे ते सांगा. वाईट बातमी त्याला रुग्णासमोर पहिल्यांदा कळता कामा नये. वाक्यं लहान ठेवा. रुग्णाकडे बघून बोला, दुभाष्याकडे बघून नको. रुग्ण जे बोलेल ते सगळं सांगायला वेळ द्या, "थोडक्यात काय म्हणतात?" हा प्रश्न बंद. भेट संपली की पुन्हा पाच मिनिटं बसा. "तुला काय वाटलं? त्यांनी काही असं सांगितलं का जे तुला सांगता आलं नाही?" त्या दिवशी बाबा ताईशी काय बोलले ते मला कधीच कळलं नाही, कारण मी विचारलंच नाही.

रुग्णाच्या लहान मुलाला दुभाषी करू नका. बारा वर्षांच्या पोराच्या तोंडून बापाला "आता बरं होणार नाही" हे जाऊ नये.

या कामाचे पैसे द्या, हजेरीत नोंद करा. नोंद नसलेलं काम हे कुणाचंच काम नसतं आणि त्याचा थकवाही कुणाला दिसत नाही. पावरी किंवा भिली बोलणारी एकच नर्स असेल तर डोंगरातलं प्रत्येक मरण तिच्याच वाट्याला येतं, शिवाय ते तिच्या नात्यागोत्यातलं असू शकतं. आठवड्यात अशा कठीण भेटी किती, याची मर्यादा आधीच ठरवा. आम्ही दोन ठरवल्या होत्या.

घरात शिरताना

चहा नको म्हणू नका. खान्देशात पाहुण्याने चहा नाकारला की घरचे मनात दोन कारणं मोजतात: घाई असेल, नाहीतर आपली जात. दलित वस्तीत, तांड्यावर, पाड्यावर दुसरं कारणच आधी मनात येतं. मधुमेह असेल तर पाणी मागा आणि त्यांच्याच तांब्यातलं प्या. सात वर्षं अंथरुणावर असलेल्या एका आप्पांनी मला सांगितलं होतं की घरात पाणी प्यायलेली मी पहिली सिस्टर.

उलटही घडतं. तुमच्या नर्सची किंवा अटेंडंटची जात विचारली जाते, ड्रेसिंग "दुसऱ्या बाईकडून" करून मागितलं जातं. अशा वेळी बहुतेक पथकप्रमुख गुपचूप माणूस बदलतात, कारण रुग्ण मरणाच्या दारात आहे, वाद कशाला. मी हे चूक मानते. बदललं की त्या नर्सला कळतं की पथकानेही तेच मान्य केलं. ठरवून ठेवा: घरच्यांशी बोलायचं ते प्रमुखाने, तिने नाही. शांतपणे सांगायचं, "आमच्याकडे हीच सिस्टर येईल, तिचा हात सगळ्यात हलका आहे." अस्पृश्यता घटनेच्या कलम १७ ने बंद केली आहे, हे आवाज न चढवता सांगता येतं. त्या घरी पुन्हा जायचं की नाही हे तिने ठरवायचं. ती नाही म्हणाली तर तिला शिक्षा नाही, आणि तो कामचुकारपणा धरायचा नाही. घटना वहीत लिहायची. रुग्णाचं दुखणं थांबवायचं कर्तव्य पूर्ण पथकाचं असतं, एकट्या तिचं नव्हे.

निर्णय कोण घेतं ते पहिल्या भेटीत ओळखा. कुठे मोठे बाबा, कुठे सुरतेला नोकरीला असलेला मुलगा, कुठे पाड्याचा कारभारी. भगत किंवा बडवा (गावचा मांत्रिक) आधी येऊन गेला असेल तर त्याची टिंगल नको. जखमेवर काही लावू नका आणि गोळी थांबवू नका, एवढ्या दोन गोष्टी त्याच्याकडून कबूल करून घ्या. बाकी त्याचा धूप आणि गंडा कुणाचं नुकसान करत नाही. तृतीयपंथी रुग्णाचं कुटुंब म्हणजे बहुधा त्यांचा गुरू आणि चेले. त्यांनाच नातेवाईक म्हणून नोंदवा.

"त्यांना सांगू नका, धसका घेतील," हे वाक्य प्रत्येक घरात ऐकाल. घरच्यांशी भांडू नका आणि रुग्णाशी खोटंही बोलू नका. रुग्णालाच विचारा, "आजाराबद्दल सगळं तुम्हाला सांगू, की घरात कुणाला सांगू?" बहुतेकांना आधीच कळलेलं असतं.

मॉर्फिन: इथे पथक टिकतं किंवा मोडतं

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे मॉर्फिन मिळवायला अनेक परवाने लागायचे, म्हणून दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ साली कायदा दुरुस्त झाला. मॉर्फिनसह सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली आणि देशभर एकसारखा नियम आला: पॅलिएटिव्ह केअरचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असलेली संस्था राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मान्यता घेऊन ती ठेवू शकते. तेव्हा पहिली पायरी म्हणजे एका डॉक्टरला प्रशिक्षणाला पाठवणं. दुसरी, अर्ज. तिसरी, कुलूपबंद कपाट आणि गोळीगणिक हिशोबाची नोंदवही. हे कागद तुम्हीच पूर्ण करा, कारकुनावर सोडू नका.

साधी गोळी दर चार तासांनी लागते, म्हणून वेळापत्रक घरच्या दिवसाला बांधा: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. रात्रीच्या डोसबद्दल डॉक्टर वेगळं सांगतात. पुष्कळदा तो वाढवतात, म्हणजे मधे उठावं लागत नाही. ज्या घरात घड्याळ नाही तिथे कोंबडं, न्याहारी, दुपारची भाकरी, दिवेलागण, निजणं असं चित्र काढून पुड्या बांधा. बद्धकोष्ठतेचं औषध मॉर्फिनसोबत पहिल्याच दिवसापासून. पहिले काही दिवस मळमळ आणि झोप येते, ओसरते. हे आधी सांगितलं नाही तर दुसऱ्या दिवशी गोळ्या बंद होतात. मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर डोस आणि अंतर दोन्ही डॉक्टरांनीच ठरवायचं.

आता स्थलांतर. दिवाळी झाली की धडगाव, शहादा, साक्रीकडून माणसं उसाच्या टोळ्यांबरोबर गुजरातेत उतरतात ती उन्हाळ्यात परततात. ज्या घरची सून आणि मुलगा कोयत्याला गेले, तिथे म्हातारा एकटा उरतो, किंवा त्यालाही ट्रकमध्ये घालून नेतात. म्हणून दिवाळीआधीच्या भेटीत विचारा: कोण जाणार, कोण राहणार, मुकादमाचा फोन कोणता. जाणाऱ्या रुग्णाच्या हातात आजार, औषधं, डोस लिहिलेली एक चिठ्ठी द्या, मराठीत आणि गुजरातीत. घरी राहणाऱ्याला गोळी कोण देणार ते शेजाऱ्याचं नाव घेऊन ठरवा.

आणि मॉर्फिन पथकाच्या थकव्याशी कसं जोडलेलं आहे ते सांगते. लोकांना वाटतं मरणं बघून आम्ही थकतो. मरणाने माणूस हळवा होतो, पण मोडत नाही. मोडतो तो टळू शकणारं दुखणं बघून. कपाट रिकामं आहे, समोरचा माणूस ओरडतो आहे आणि सिस्टरच्या हातात पॅरासिटामॉल. अशा तीन रात्री गेल्या की चांगली नर्स बदली मागते. मॉर्फिनचा साठा संपू न देणं ही कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्याची पहिली योजना आहे. दीड महिन्याचा साठा उरला की मागणी टाका.

शेवटचे दिवस

कुणाला तुळशीचं पाणी, कुणाला कलमा आणि किबल्याकडे तोंड, कुणाला बुद्धवंदना, कुणाला फक्त आपल्या पाड्यावर, आपल्या खाटेवर पडून राहणं. स्वतःच्या मनाने ओळखू नका. आडनावावरून तर मुळीच नको. तडवी म्हटलं की सगळ्यांचं सारखं नसतं, पाटील म्हटलं की नसतं. "त्या वेळी काय करायचं, काय टाळायचं?" असं विचारून फाईलच्या पहिल्या पानावर लिहा. व्हेंटिलेटर नको अशी इच्छा असेल तर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ती लिहून ठेवता येते, आणि २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जायचंय, काठी गावची होळी बघायचीय, असं रुग्ण म्हणाला तर औषधाचं वेळापत्रक त्याभोवती बसवा.

पथकाला धरून ठेवणं

भेटीला कुणीही एकटं जाऊ नये. मे महिन्यात भुसावळ, जळगावकडे पारा ४५ च्या घरात जातो. भेटी सकाळी दहाच्या आत संपवा. पेट्रोलचे पैसे त्याच आठवड्यात द्या. हे सांगायला लागू नये, पण स्वतःच्या पगारातून रुग्णाला डायपर नेणाऱ्या नर्सेस मी ओळखते, आणि त्यांचं कौतुक करून व्यवस्था मोकळी होते.

प्रत्येक मृत्यूनंतर त्याच आठवड्यात वीस मिनिटं बसा. ड्रायव्हर, अटेंडंट, दुभाषी सगळे. बोलायला सुरुवात सगळ्यात कनिष्ठ माणसाने करायची, डॉक्टरांनी शेवटी. काय नीट झालं, काय सलतं, पुढच्या वेळी काय वेगळं करू. चुकांचा पंचनामा इथे नको, तो वेगळ्या बैठकीत. रडू आलं तर पाणी द्या आणि थांबा. ज्याच्या घरी नुकतं मरण झालंय त्याला तशाच आजाराच्या रुग्णाकडे काही महिने पाठवू नका, त्याने मागितलं नाही तरी.

मानसशास्त्रात कामाच्या थकव्याच्या तीन खुणा मानतात: मन रितं होणं, समोरचा माणूस केवळ 'केस' वाटू लागणं, आणि आपल्या हातून काहीच होत नाही असं वाटणं. आमच्या भाषेत सांगायचं तर फोन वाजला की पोटात गोळा येतो, नातेवाइकांवर खेकसणं वाढतं, घरी गेल्यावर कुणाशी बोलवत नाही. दोन आठवडे असं राहिलं तर सुटी द्या आणि मदत घ्या. सरकारची टेली मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. झोप उडाली असेल, दारू वाढली असेल किंवा जगणं नको वाटत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं.

आशाताईबद्दल वेगळं सांगावं लागेल. तुम्ही भेट संपवून गाडीत बसता, ती त्याच गल्लीत राहते. रात्री दोनला तिचंच दार वाजतं, आणि रुग्ण गेला की "तुझ्या गोळ्यांनी गेला" हे तिलाच ऐकावं लागतं. म्हणून मॉर्फिन सुरू करताना घरच्यांना आणि शेजाऱ्यांना पथकाने स्वतः समजवा की गोळी दुखणं थांबवते, आजार आपल्या गतीने चालतो. दहाव्याला किंवा तेराव्याला पथकातलं एक माणूस तिच्यासोबत त्या घरी जाऊन बसलं तर गावाचं तोंड बंद होतं. आणि रात्रीचा फोन पाळीने पथकाकडे ठेवा; आशाताईच्या भिंतीवर त्या आठवड्याच्या माणसाचा नंबर खडूने लिहिलेला हवा, तिचा नव्हे.

पहिल्या महिन्यात पाचच रुग्ण घ्या, त्यातले दोन तरी नकाशावरच्या रिकाम्या जागेतले. दर सोमवारी तीन गोष्टी मोजा: कपाटात गोळ्या किती, डोंगरातल्या भेटी कुणी केल्या, आणि मागच्या आठवड्यात एकाच माणसाचं नाव दोनपेक्षा जास्त कठीण भेटींत आलं का. आलं असेल तर त्याच दिवशी दुसरं नाव लिहा.